रोजचे तीस दिरहम

माझ्या भाचीने माझ्याकडे आजवर एकदाच पैसे मागितले, आणि तेही तिचे स्वतःचे. त्या वेळी मी ते देऊ शकले नाही. या गोष्टीला आता सहा वर्षं होतील. सांगण्यासारखं यात फार काही घडलेलं नाही, पण माझ्या मनातून ती गेलेली नाही.

मी म्हसळ्याला राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. माझे यजमान पूर्वी दिघीच्या बंदरात क्रेन चालवायचे. पुढे त्यांना शारजाच्या बंदरात त्याच कामावर घेतलं. तेव्हापासून ते तिकडे आणि मी व मुलगी इकडे. ते वर्षातून एकदा महिनाभर येतात आणि त्या महिन्यात अकरा महिन्यांचे लाड करून टाकतात. मुलगी अकरावीत होती त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला तिकडे बोलावलं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाचं कुटुंब गावी गेलं होतं, त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट दहा दिवस मिळणार होता.

भाचीला बरोबर न्यायचं मीच सुचवलं. ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी, माझ्या मुलीपेक्षा वर्षाने लहान. दोघी प्रत्येक सुट्टीत एकत्र असायच्या, एकाच गोधडीत झोपायच्या आणि आम्हाला कळू नये म्हणून एक वेगळीच भाषा बोलायच्या, प्रत्येक अक्षराला 'च' लावून. भाऊ तळा तालुक्यातल्या एका खेड्यात असतो. भातशेती आहे, आणि तो रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. तिकीट आणि व्हिसा आम्ही करणार होतो. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस त्याच्या घरी आला, तेव्हा पोरीने काय केलं म्हणून अर्धी आळी अंगणात गोळा झाली होती.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊ तिला सोडायला आला आणि त्याने माझ्या हातात सात हजार रुपये ठेवले. दिवाळीच्या बोनसमधले.

"अरे, तिला काय लागणार आहे तिथे? आम्ही आहोत ना," मी म्हणाले.

"लागूं दे का नको लागूं दे, ताय. तिच्याजवळ तिचं पैसं हायत, येवढं तिला म्हाईत असलं म्हंजी झालं."

मुंबईला विमानतळावर ते पैसे बदलून घेतले, तर तीनशे दिरहम आणि वर थोडी मोड आली.

शारजाच्या विमानतळावर यजमान घ्यायला आले होते. मुलगी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली, आणि त्यांनी खिशातून पाचशे दिरहमची नोट काढून तिथल्या तिथे तिच्या हातात दिली. "घे, काय पाहिजे ते घे," म्हणाले. भाची बॅगांच्या ढकलगाडीला धरून शेजारीच उभी होती. त्यांच्या मनात काही नव्हतं, लेकीला बघून ते हरखले होते. पण मला ते खटकलं. दहा दिवस एक मुलगी पाचशेची मालकीण आणि दुसरी तीनशेची, हे बरं दिसणार नाही असं वाटलं. गाडीत बसल्या बसल्या मी मनात एक योजना आखली. शिक्षकाला योजना सुचायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी दोघींना समोर बसवलं. एक चेनचं लाल पाकीट होतं, त्यात दोघींचे पैसे घातले.

"हे बघा, आता सगळे पैसे इथे राहतील. रोज सकाळी दोघींना तीस-तीस दिरहम मिळतील. जेवणखाण, बस, तिकिटं आमच्याकडे. तीसच्या वर एक दिरहम मिळणार नाही. संध्याकाळी काय घेतलं ते सांगायचं, आणि उरलेले परत पाकिटात टाकायचे."

"पण ते पप्पांनी मला दिलेत," मुलगी म्हणाली.

"दिलेत, आणि आता माझ्याकडे आहेत."

"इथे पण शाळा का, मम्मी?"

भाचीने काही विचारलं नाही. तिने मान हलवली. माझ्या मनात होतं की जे उरेल ते सगळ्यांचं. ते मी उघड बोलले नाही, बोलायची गरज आहे असंही वाटलं नाही. वडिलांनी दिलेले तीनशे दिरहम म्हणजे दहा दिवस रोज तीस, हा हिशोब भाचीने तिथे बसल्या जागी केला होता. तिच्या दृष्टीने ते पाकीट म्हणजे बँक होती. एका वाक्याचे दोन अर्थ निघाले, आणि आम्ही दोघी आपापल्या अर्थाने दहा दिवस वागलो.

मुलीचे तीस दुपारपर्यंतच संपायचे. मोबाईलचं कव्हर, नेलपेंट, रस्त्यावरच्या टपरीतला वेलचीचा दाट चहा, चमकणारे केसांचे चाप. उरलेले परत जाणार हे तिला कळल्यावर ती उरवेल कशाला? भाची मात्र पहिल्या दिवशी आपल्या धाकट्या भावासाठी आठ दिरहमचं चार रंगांचं पेन घेऊन आली आणि बाकीचे बावीस मला दिले. दुसऱ्या दिवशी पूर्ण तीस परत. तिच्याजवळ एक छोटी वही होती, त्यात ती लिहून ठेवायची. दुबईला खाडी ओलांडायला लाकडी होडी आहे, एका दिरहमात पलीकडे नेते. तिथे तिने माझ्या हातातून तिकिटाचं नाणं घेतलं आणि त्याच्यावरचं किटलीचं चित्र उलटसुलट करून बघत बसली. अशा गोष्टींत ती रमायची. काही हवं आहे असं तिच्या तोंडून निघायचं नाही.

मला तिचं फार कौतुक वाटलं. आणि ते मी बोलून दाखवलं, हीच माझी चूक. रोज संध्याकाळी हिशोबाच्या वेळी मी मुलीला म्हणायचे, "हिच्याकडून शीक जरा. काही मागते का बघ." यजमानांनाही तेच सांगायचे, व्हिडिओ कॉलवर भावजयीलाही तेच. भाची खाली बघत राहायची. मला वाटायचं, लाजते.

चौथ्या दिवशी आम्ही एका मोठ्या मॉलमध्ये गेलो. तिथे आत बर्फाचं मैदान होतं आणि मुलं बूट घालून त्यावर घसरत होती. माझी मुलगी कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे आली. तिकीट तीसच्या कितीतरी वर होतं.

"उद्याचे आणि परवाचे पण आत्ताच दे. नंतर काही नाही मागणार."

"नियम म्हणजे नियम."

"अगं, मी देतो तिला," यजमान खिशात हात घालत म्हणाले.

"तुम्ही दिलेत तर मग मी कशाला सांगत बसले दहा वेळा?" मी म्हणाले. त्यांनी हात बाहेर काढला.

तेव्हा भाची हळूच म्हणाली, "आत्या, माझ्यातले घे ना तिला. माझे राहिलेत."

"नको," मी म्हणाले. "तिला कळू दे. तू राखलेस, तिने उडवले. तुझे कशाला?"

हे मी मुलीसमोर बोलले. मुलगी भाचीकडे वळली आणि म्हणाली, "राहू दे गं. तू मोठी शहाणी आहेस." आणि ती पप्पांच्या बरोबर पुढे निघून गेली. त्यानंतरचे सगळे दिवस ती त्यांच्याच बरोबर चालत होती. ती 'च'ची भाषा त्या घरात पुन्हा ऐकू आली नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. दोन दिवस रुसतील आणि पुन्हा एक होतील, असं मी धरून चालले.

इमारतीच्या खाली दुकानांची रांग होती. एक हॉटेल, एक केस कापायचं दुकान, आणि कोपऱ्यावर जुने मोबाईल, रेडिओ, घड्याळं विकणारं एक अरुंद दुकान. सकाळी हॉटेलातून खुबूस, म्हणजे तिकडची मोठी पातळ रोटी, आणायला भाची जायची. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लावायची. एकदा मी तिला रागावले.

"परक्या मुलखात असं रेंगाळायचं नाही. कुठे होतीस?"

"त्या कोपऱ्यावरच्या दुकानात बघत होते."

"काय बघत होतीस?"

"असंच."

खुबूस गार होत होतं. मी पुढे विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही मोठ्या बाजारात गेलो, घरच्यांसाठी घ्यायला. पाकिटात चारशेच्या वर दिरहम शिल्लक होते. मुलीच्या पाचशेतले दोनशे आणि भाचीने परत दिलेले. ते रुपये करून नेण्यात काय अर्थ, इथेच संपवलेले बरे, असं ठरवून मी घेत सुटले. बदाम, खजूर, दुधाची पावडर, दोन्हीकडच्या पुरुषांना अत्तर, भावजयीला न चिकटणारा तवा, शाळेतल्या बायकांना वाटायला चॉकलेटं. बाहेर पडले तेव्हा पाकिटात किटलीची दोन नाणी उरली होती. बरोबर बसवलं, असं वाटून मी खूश झाले होते.

दुपारी बॅगा भरायचं काम चाललं होतं. यजमान खाली टॅक्सीवाल्याशी बोलायला गेले होते. काट्याला लटकवलेली बॅग एका हाताने धरून मी वजन बघत होते. भाची आत आली आणि दाराशी उभी राहिली.

"आत्या, माझे पैसे देतेस?"

"कसले गं?"

"माझे. दोनशे अठरा राहिलेत." तिने वही उघडून पुढे केली. खाली रेघ मारून आकडा लिहिला होता, दोनदा गिरवलेला.

मी बॅग खाली ठेवली. काय झालं आहे ते मला त्या क्षणी पूर्ण कळलं. पण कळलं तसं मी वागले नाही. आपण चुकलो की आधी दुसऱ्याला समजावायला लागायचं, ही सवय माझ्या पेशातली असेल किंवा माझीच असेल.

"अगं, त्यातूनच तर सगळ्यांना घेतलं सकाळी. तुझ्या आईला तवा घेतला, पप्पांना अत्तर. तू बघितलंस ना?"

"ते त्यातलं होतं?"

"मग कुठलं? बरं, घरी गेल्यावर तुला रुपयांत देते. एक पैसा कमी देणार नाही."

"आत्ता नाही मिळणार?"

"आत्ता कशाला? दोन तासांत निघायचंय."

तिने वही मिटली. मी पुन्हा बॅग उचलली. मग ती म्हणाली, "चालेल." आणि जाता जाता विचारलं, "मी पाच मिनिटं खाली जाऊन येऊ?"

"आता कुठे जातेस?"

तेवढ्यात यजमान वर आले. "जाऊ दे गं, शेवटचं बघून येईल," म्हणाले. ती गेली आणि खरोखर पाच मिनिटांत परत आली. येताना तिच्या हातात काही नव्हतं. आली आणि माझ्या मुलीच्या बॅगेची चेन लागत नव्हती, तिला दाबून धरायला बसली.

त्या पाच मिनिटांचा विचार मी नंतर पुष्कळ केला. यजमानांच्या खिशात पैसे होते. त्यांना नुसती हाक मारायची होती. किंवा तिला एवढंच विचारायचं होतं की तुला काय घ्यायचं आहे. मी दोन्ही केलं नाही. तिने मागितले म्हणून मला थोडा रागही आला होता, हे खरं सांगितलं पाहिजे. दहा दिवस जिचं कौतुक केलं, ती निघताना हिशोब मागते, असं काहीतरी मनात आलं होतं.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत मी तळ्याला गेले आणि पाच हजार रुपये दिले. पण ते भावाच्या हातात दिले. भाची चुलीजवळ आईला मदत करत होती. "पोरीनं राखलं म्हणायचं," असं म्हणून भावाने ते शर्टाच्या खिशात घातले. त्याला अभिमान वाटला होता. त्या पैशांत न्हाणीवर नवीन पत्रे आले.

पुढच्या शुक्रवारी यजमानांचा फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "तू त्या पोरीला पैसे दिले नव्हतेस का?"

ते त्या कोपऱ्यावरच्या दुकानात घड्याळाचा पट्टा घ्यायला गेले होते. दुकानदार मल्याळी, म्हातारा. त्याने यांना ओळखलं आणि विचारलं, ती मुलगी गेली का. मग त्याने सांगितलं ते असं. त्याच्याकडे एक वापरलेला छोटा कॅमेरा होता, अडीचशेचा. भाची दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी यायची, कॅमेरा हातात घ्यायची, त्याच्याकडून एकेक बटण समजून घ्यायची. तिने किंमत विचारली. सगळे मिळून दोनशेच्या थोडे वर जमतील म्हणाली. त्याने दोनशेला द्यायचं कबूल केलं आणि शेवटच्या दिवसापर्यंत कॅमेरा खणात बाजूला ठेवला. शेवटच्या दिवशी दुपारी ती आली आणि म्हणाली, "अंकल, आप किसी और को दे दो." तो म्हणाला, थोडे कमी असतील तरी चालतील. ती म्हणाली, कमी नाहीत, नाहीच आहेत.

म्हणजे त्या पाच मिनिटांत ती हे सांगायला गेली होती. म्हाताऱ्याने आपल्यासाठी वस्तू अडवून ठेवू नये म्हणून.

यजमानांनी तिथेच कॅमेरा मागितला, पण तो आदल्याच दिवशी गेला होता. पुढच्या वर्षी ते येताना नवीन घेऊन आले, त्याच्या चौपट किमतीचा. मी तो घेऊन तळ्याला गेले. भाचीने खोकं उघडलं, "छान आहे, आत्या," म्हणाली, माझा आणि भावाचा अंगणात एक फोटो काढला. नंतर भाऊच एकदा बोलून गेला, "हात न्हाय लावीत ती त्याला. कपाटात हाय."

भाची आता पनवेलला शिकते, औषधशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते. दोघी लग्नकार्यात भेटतात, एकमेकींच्या परीक्षेची, पगाराची चौकशी करतात, शेजारी बसून आपापल्या फोनमध्ये बघतात. भांडण नाही. कुणी विचारलं तर दोघी सांगतील की आमचं छान आहे.

गेल्या हिवाळ्यात मी भावाकडे गेले होते, तेव्हा भाचीही आली होती. दुपारी आम्ही दोघी पडवीत मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. बोटाने दाबलं की साल सुटते, हात चालू राहतात आणि बोलता येतं. मी इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते तेव्हा बोलले. म्हणाले, "तुझ्या त्या कॅमेऱ्याचं मला सगळं कळलंय. केव्हाच कळलं. माझं चुकलं गं."

"कॅमेऱ्याचं नाही काही मनात," ती म्हणाली.

"मग?"

तिने सोललेला वाल ताटात टाकला. "मी दुसऱ्याच दिवशी तुझ्याकडे मागणार होते. म्हणजे माझे एकदम सगळे दे म्हणून. पण तू संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणालीस, ही बघा काही मागत नाही. आईला पण फोनवर सांगितलंस. मग कसं मागणार? रोज वाटायचं, आज मागू. रोज तू तेच म्हणायचीस."

मी पुढचा वाल उचलला.

"आणि तिला सांगणार होते," ती म्हणाली. ती म्हणजे माझी मुलगी. "दोघींत मिळून घेऊ, सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, असं. पण त्या बर्फाच्या दिवसानंतर ती बोलायचीच नाही माझ्याशी. तिची पण काय चूक? मला कुणी रोज असं ऐकवलं असतं तर मी पण नसते बोलले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं, काही उत्तर तरी देता आलं असतं. मी तिच्या वडिलांचे पैसे खर्च केले ते मी परत दिले. कॅमेरा गेला, दुसरा आणला. पण दोन मुलींना एकमेकींसमोर उभं करून रोज संध्याकाळी जे तोललं, ते भरून देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. आणि ते करताना मी दोघींचं भलंच करते आहे, असं मला मनापासून वाटत होतं.

वाल संपत आले होते. तिने सालं एका बाजूला लोटली आणि विचारलं, "आत्या, शाळेत अजून मुलांना असं एकमेकांचं उदाहरण देतेस?"

"देते," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

"नको देत जाऊस," ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

यंदा माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे. वह्या तपासताना एखादीचं नीटनेटकं अक्षर बघितलं की वाक्य जिभेवर येतं, शेजारचीला उद्देशून. बहुतेक वेळा मी ते गिळते. कधी कधी बोलून जाते, आणि मग त्या दोघींकडे बघण्याचं मला धाडस होत नाही.